वेग वाढला की हॅण्डल थरथरते: मोटारसायकलची तपासणी आणि अपघातानंतरचे कायदेशीर मार्ग

सातारा-कराड पट्ट्यात महामार्गालगत गॅरेज चालवत असल्यामुळे एक तक्रार माझ्याकडे जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. गावात गाडी ठीक चालते, हायवेला लागून साठ-सत्तर ओलांडले की हॅण्डल थरथरू लागते. गाडी बहुधा १२५ ते २०० सीसीची असते. माझ्याकडे येण्यापूर्वी ती एक-दोन ठिकाणी दाखवून झालेली असते, तिथे कोनसेट (हॅण्डल ज्यांवर फिरते ती बेअरिंग) आवळून दिलेला असतो आणि आठ दिवस बरे वाटून त्रास पुन्हा सुरू झालेला असतो. हा दोष परत परत येतो याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे की तपासणीची सुरुवातच चुकीच्या टोकापासून होते. मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम खाली दिला आहे. अपघात होऊन गेला असेल तर याच तपासणीतून पुरावा मिळतो, आणि घाईने केलेली दुरुस्ती तो पुरावा पुसून टाकते; म्हणून उत्तरार्धात कायद्याचे मार्गही मांडले आहेत.

लक्षणे

गाडी "हलते" या एका शब्दात दोन निराळे दोष मिसळलेले असतात. पहिल्यात हॅण्डल डावी-उजवीकडे जलद थरथरते. एका सेकंदात अनेक झटके बसतात, दोन्ही हातांनी नीट धरले की ते बहुधा थांबतात, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग सत्तरवरून पन्नासवर उतरत असताना ते जास्त जाणवतात. याचे मूळ बहुतेक वेळा पुढच्या टायरमध्ये, पुढच्या चाकात, कोनसेटमध्ये किंवा मागे लादलेल्या वजनात सापडते. दुसऱ्यात हॅण्डल शांत असते, पण अख्खी गाडी सावकाश वळवळते. सेकंदाला दोन-तीन हेलकावे बसतात आणि ते हातांपेक्षा सीटवर अधिक कळतात. वेग वाढेल तसा हा हेलकावा वाढतो. अशा वेळी मागच्या टायरची हवा, चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, मागच्या चाकाची सरळ रेष आणि सामान यांच्याकडे आधी पाहावे.

याखेरीज तीन खुणा उपयोगी पडतात. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर चाके एका रेषेत नाहीत किंवा काहीतरी वाकले आहे. पुढचा ब्रेक दाबताच हॅण्डलखाली "टक्" असा ठोका जाणवत असेल, तर कोनसेट ढिला असण्याची शक्यता मोठी आहे. आणि बाजारपेठेतून अगदी हळू जाताना गाडी सरळ रेषेत ठेवणे अवघड जात असेल, हॅण्डल मधोमध किंचित अडकल्यासारखे वाटत असेल, तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेले असतात किंवा तो अती आवळलेला असतो.

इंजिनाचे कंपन हा अस्थिरपणा नव्हे, हेही आधी ठरवून घ्यावे. तोच वेग ठेवून गिअर बदलावा. थरथर बदलली तर ती इंजिनाची आहे, बदलली नाही तर चाकांची किंवा हॅण्डलची. शेजारून एसटी किंवा कंटेनर गेल्यावर बसणारा वाऱ्याचा धक्का आणि सिमेंटच्या रस्त्यावरील उभ्या खाचांमुळे जाणवणारी वळवळ हे गाडीचे दोष नाहीत. त्यासाठी पैसे खर्च करू नयेत.

पहिला प्रश्न: कधीपासून?

या प्रश्नाला काही खर्च येत नाही आणि निम्मे निदान त्यातच होते. टायर बदलल्यापासून असेल तर टायरकडे पाहावे, चेन ताणल्यापासून असेल तर मागच्या चाकाकडे, आणि गाडी पडल्यापासून असेल तर फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या) आणि टी (त्यांना हॅण्डलशी जोडणारा भाग) यांच्याकडे. वेग किती होता, मागे कोणी बसले होते का, सामान काय होते आणि रस्ता कसा होता, हे मोबाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवावे. पुढे कधी वाद उपस्थित झालाच, तर अपघाताच्या आधी लिहिलेली ही टिपणे नंतरच्या आठवणींपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात.

हवा

टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, थंड टायरमध्ये मोजावी. चालून तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला असतो. तो पाहून हवा कमी केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो. या वर्गातील अनेक गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास, तर दोघांसाठी मागे ३२ च्या आसपास हवा सांगितलेली असते. मात्र अंतिम आकडा आपल्याच गाडीच्या चेनकव्हरवर, चिमट्यावर किंवा माहितीपुस्तिकेत पाहावा. कमी हवेने टायरची बाजू लवचीक होते, रस्त्यावरचा टायरचा भाग रिमच्या मागे रेंगाळतो, आणि गाडीने स्वतःला सावरण्याची क्रिया त्या मानाने उशिरा घडते. पंपावरील मीटरवर भिस्त न ठेवता स्वतःचे एक छोटे मीटर घ्यावे. आठवड्यात तीन-चार पीएसआय उतरत असतील, तर वारंवार हवा भरत बसण्याऐवजी पंक्चर आणि व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या याच पायरीवर बऱ्या होतात आणि मालकाला त्याची किंचित लाज वाटते, ती वाटू नये.

वजन आणि वाऱ्याला अडणाऱ्या वस्तू

मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपलीकडे लटकणारे वजन तराजूच्या दांडीसारखे काम करते. ते मागचा भाग खाली दाबते आणि पुढचे चाक हलके करते. पुढचे चाक हलके झाले की थरथर दाबून ठेवणारे रस्त्याचे घर्षण कमी होते. दुधाचे कॅन, उंच कॅरिअरवरील टॉप बॉक्स, फुगलेल्या सॅडल बॅगा आणि हॅण्डललाच बसवलेली रुंद काच यांचा यात मोठा वाटा असतो. एका दूध घालणाऱ्या मामांच्या गाडीचा मी अख्खा पुढचा भाग खोलला होता. दोष असा होता की एका बाजूचा कॅन रिकामा झाल्यावर दुसऱ्या बाजूचा भरलेला तसाच ठेवून ते परत निघत. तेव्हापासून मी पाना हातात घेण्यापूर्वी सगळे सामान उतरवून गाडी चालवून पाहतो. त्रास गेला, तर वजन खाली, पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवून हळूहळू परत वाढवावे.

टायर

टायरच्या बाजूला "टीडब्ल्यूआय" अक्षरे किंवा बाण असतो. त्या रेषेत खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत झीज आली असेल, तर टायरचे आयुष्य संपले. पण खाच शिल्लक असतानाही टायर वाईट असू शकतो. सरळ महामार्गावर रोज धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो, आणि गाडी किंचित कलली की त्या सपाटीच्या कडेवर चढते-उतरते. वळवळ तिथून सुरू होते. पुढच्या टायरवर हात फिरवून पाहावा, करवतीच्या दातांसारखी चढउतार लागत असेल तर तो बदलावा. बाजूला छापलेल्या चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१९ असा आकडा २०१९ मधील तेविसाव्या आठवड्याचा. फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा नाही ना, आणि रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, हेही पाहावे, कारण टायर रिमवर नीट बसला नसेल तर चाक गोल असूनही टायर गोल फिरत नाही. दिसायला बरे म्हणून अरुंद रिमवर जाड टायर चढवण्याची हौस हल्ली फार आहे. त्याने टायर चेपून त्याचा आकार बिघडतो आणि गाडीची मूळ भूमितीही बदलते. पुढे उत्पादकाविरुद्ध तक्रार करण्याची वेळ आली, तर हाच टायर पहिल्यांदा आपल्याविरुद्ध दाखवला जातो.

मागच्या चाकाची रेष आणि चाकांचा आऊट

चेन ताणताना दोन्ही बाजूंचे नट सारखे फिरले नाहीत, तर मागचे चाक तिरके बसते आणि गाडी एका बाजूला तोंड करून धावते. चिमट्यावरील खुणा मोजाव्यात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत ताणाव्यात आणि पुढचा टायर दोन्ही दोऱ्यांपासून सारख्या अंतरावर आहे का ते पाहावे. खर्च एका दोरीचा. एका गाडीचा कोनसेट मी सहा महिन्यांत दोनदा बदलला होता आणि दोष या रेषेत होता. ती चूक मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर गाडी डबल स्टँडवर घेऊन प्रत्येक चाक फिरवावे. चिमट्याला किंवा फोर्कला एक तार बांधून तिचे टोक रिमच्या जवळ आणले की आऊट, म्हणजे फिरताना चाक किती डुगडुगते ते डोळ्यांना दिसते. तारांच्या चाकात प्रत्येक तार पान्याने हलकी वाजवावी, बद्द आवाज देणारी तार ढिली असते. मॅकव्हीलमध्ये (तारा नसलेल्या, ओतीव धातूच्या चाकात) खड्ड्यांमुळे काठ चेपलेला किंवा तडा गेलेला असू शकतो. टायर वर आणि खाली धरून आडवा हलवावा. खेळ लागला तर चाकाची बेअरिंग गेली आहेत. गाळपाच्या हंगामात रस्त्यावर पडलेला चिखल रिमच्या आत एका बाजूला वाळून बसतो आणि चाकाचा तोल बिघडवतो, तेव्हा बॅलन्सिंगला जाण्यापूर्वी चाक आतून धुवावे.

कोनसेट

इथपर्यंत सगळे ठीक निघाले, तरच कोनसेटकडे यावे. फोर्कची टी चेसिसच्या ज्या नळीत फिरते, तिच्या वर आणि खाली छऱ्यांचे किंवा रोलरचे एकेक बेअरिंग असते. गाडी बहुतेक वेळ सरळच धावत असल्यामुळे खड्ड्यांचे आणि गतिरोधकांचे सगळे दणके छर्‍यांना त्याच एका जागी बसतात. ग्रीस सुकलेले असेल किंवा प्रेशर वॉशिंगचे पाणी आत गेलेले असेल, तर वाट्यांना त्या जागी खड्डे पडतात. मग हॅण्डल मधोमध आले की छरे त्या खड्ड्यांत बसतात.

तपासण्याच्या दोन रीती आहेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे करावी आणि दुसऱ्याला टी व चेसिसच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगावे. ठोका बोटाखाली जाणवला तर कोनसेट ढिला आहे, नाही जाणवला तर तो ब्रेकपॅडचा किंवा फोर्कच्या बुशचा असू शकतो. मग इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करावे, ठोकळा सायलेन्सरच्या नळीला लागू देऊ नये, आणि हॅण्डल दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवावे. चांगला कोनसेट किंचित ढकलल्यावर हॅण्डलला आपल्या वजनाने कुठल्याही बाजूला पडू देतो आणि वाटेत कुठेही अडत नाही.

खड्डे पडलेला कोनसेट आवळल्याने ठोका जातो, गिऱ्हाइकाचे समाधान होते आणि दोष मात्र अधिक धोकादायक होतो. सरळ चालवतानाही चालक नकळत सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत असतो. हॅण्डल मधोमध चिकटू लागले की त्या दुरुस्त्या उशिरा आणि गरजेपेक्षा मोठ्या होतात, आणि जलद थरथर जाऊन तिच्या जागी सावकाश वळवळ येते. म्हणून खाच जाणवत असेल तर वाट्या आणि छरे यांचा पूर्ण संच बदलावा. किट स्वस्त असते, मजुरी जास्त लागते. नवा संच बसवल्यावर तो जागेवर बसायला थोडे अंतर लागते, त्यामुळे साधारण ५०० किलोमीटरनंतर घट्टपणा पुन्हा तपासून घ्यावा. स्टीअरिंग डॅम्पर (हॅण्डलची हालचाल मंदावणारा जोड) लावून थरथर दाबण्याचा सल्ला अलीकडे सर्रास मिळतो. मूळ कारण न शोधता तो लावणे मला मान्य नाही, कारण बेअरिंग झिजत असल्याची एक महत्त्वाची खूण त्यामुळे दबून जाते.

इथे थांबावे

चिमट्याच्या बुशचा आडवा खेळ, मागच्या शॉकअपची गळती आणि इंजिन माउंटिंगचे ढिले बोल्ट अनुभवी मेकॅनिक तपासू शकतो, घरी ते करण्याचा आग्रह धरू नये. फोर्कच्या नळ्या किंवा टी वाकलेली असेल, चेसिसला तडा किंवा वेल्डिंगचा जुना जोड दिसत असेल, मॅकव्हीलला चीर असेल, किंवा वरील सगळे करूनही त्रास तसाच असेल, तर गाडी चालवणे त्याच क्षणी थांबवावे आणि ती टेम्पोतून चेसिस मोजण्याची सोय असलेल्या ठिकाणी न्यावी. तडा गेलेले मॅकव्हील वेल्ड करून वापरू नये.

गाडी वॉरंटीत असेल, तर माझ्यासारख्याच्या हातात पाना देण्यापूर्वीच थांबावे. अधिकृत केंद्रात जाऊन तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, "जनरल चेकअप" एवढ्यावर सही करू नये, आणि कार्डाची प्रत घ्यावी. दुरुस्तीनंतरची चाचणी दोन्ही हात हॅण्डलवर ठेवून, मोकळ्या रस्त्यावर, ताशी साठच्या आत करावी. हात सोडून पाहण्याचा प्रयोग कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये.

धावत्या गाडीवरच थरथर सुरू झाली, तर पुढचा ब्रेक जोरात दाबू नये आणि हॅण्डलशी झुंजू नये. गुडघ्यांनी टाकी आवळावी, शरीराचे वजन थोडे पुढे आणावे, हात घट्ट न ताठवता हॅण्डल धरून ठेवावे आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा.

अपघात झाला असेल तर

उपचार सर्वांत आधी. ११२ वर कळवावे. केंद्र सरकारच्या मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नामनिर्देशित रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. त्याची विचारणा दाखल करतानाच करावी.

गाडीबाबत माझे सांगणे एकच आहे, ती दुरुस्त करू नये. एक तरुण गिऱ्हाईक सर्व्हिसिंग करून घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी वळवळीमुळे पडला. कोनसेट अती आवळल्याचा संशय होता. पण घरच्यांनी गाडी त्याच ठिकाणी दुरुस्तीला दिली, नवा संच बसला, जुन्या वाट्या भंगारात गेल्या, आणि तक्रार करायची ठरली तेव्हा दाखवायला काही उरले नव्हते. म्हणून दोन्ही टायरवरील हवेचा दाब, तारखेचे अंक, चेनच्या खुणा, हॅण्डलची हालचाल आणि तुटलेले भाग यांचे फोटो व व्हिडिओ विम्याचा सर्व्हेअर येण्यापूर्वीच काढून ठेवावेत. काढलेला प्रत्येक भाग तारीख लिहून पिशवीत जपावा. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडीची तपासणी करतात, पण माझ्या अनुभवात तो अहवाल बहुधा ब्रेक आणि स्टीअरिंग चालू स्थितीत आहेत का एवढ्यावर थांबतो. कोनसेट कोणी खोलून पाहत नाही. दोषाचा संशय असेल तर त्याचा उल्लेख करण्याची विनंती पोलिसांना लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मार्ग कोणता, हे कारणावर ठरते. दुसऱ्या वाहनाची चूक असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा. १ एप्रिल २०२२ पासून या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती पाळलीच पाहिजे असे धरून चालावे. अर्ज अपघाताच्या जागी किंवा आपण राहतो तिथेही करता येतो. पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यावा असे २०२२ चे नियम सांगतात. दोन्हींच्या प्रती मागाव्यात. आपलीही चूक होती असा बचाव समोरून हमखास येतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, तेव्हा "नव्वदला गाडी हलू लागली" हे वाक्य आपल्याच जबाबात कसे वाचले जाईल याचा विचार करावा. मात्र खोटे सांगू नये.

गाडी कोणी न धडकता आपोआप पडली असेल, तर चित्र वेगळे आहे. थर्ड पार्टी विमा हा इतरांसाठी असतो, त्यातून चालवणाऱ्या मालकाला काही मिळत नाही. स्वतःच्या बेदरकार चालवण्याने मृत्यू झालेल्याच्या वारसांना विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा वेळी कामी येतो तो मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा, ज्याची रक्कम २०१८ पासून १५ लाख रुपये आहे. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो, दवाखान्याच्या बिलासाठी नव्हे. त्याला वैध परवाना लागतो, आणि भावाने किंवा मित्राने गाडी नेली असेल तर तो त्याला लागू होत नाही. मागे बसलेल्या व्यक्तीचा प्रश्न तर लोकांच्या ध्यानातच येत नाही. केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय आहे, त्यामुळे तो बोजा मालकावर येऊ शकतो. पॉलिसी हातात घेऊन ती पूर्ण विमा आहे की फक्त थर्ड पार्टी, एवढे आजच पाहून ठेवावे.

दोष गाडीच्या निर्मितीत किंवा सर्व्हिसिंगमध्ये होता असे वाटत असेल, तर २० जुलै २०२० पासून लागू झालेला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवरही उत्पादन-दायित्व, म्हणजे सदोष वस्तूने किंवा सेवेने झालेल्या हानीची जबाबदारी, ठेवतो. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. ती कोणत्या आयोगाकडे जाईल हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे जवळपास प्रत्येक मोटारसायकल आपल्याच जिल्ह्यात. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. गाडीत फेरफार केलेला असेल किंवा ती चुकीच्या रीतीने वापरलेली असेल, तर या कायद्यातच विक्रेत्याला बचावाची वाट आहे. जाड टायर आणि बदललेले हॅण्डल यांची आठवण इथे होते. गरज असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो. जुना कोनसेट जपून ठेवायचा तो यासाठी.

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तोच दोष दिसत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून याचे नियम लागू आहेत, सात वर्षांच्या आतील वाहनांची तक्रार वाहन पोर्टलवर नोंदवता येते, आणि पुण्यातील एआरएआय ही वाहनांच्या चाचणीसाठी नियमांनी मान्य केलेल्या संस्थांपैकी एक आहे. यातून आपल्याला पैसे मिळतीलच असे नाही, पण नोंदी साचल्याशिवाय आदेश निघत नाही.

रस्त्यामुळे पडलो असे असेल, तर खड्ड्याचा फोटो मोजपट्टी किंवा चप्पल शेजारी ठेवून आणि किलोमीटरचा दगड दिसेल असा त्याच दिवशी काढावा, कारण अपघातानंतर खड्डे आश्चर्यकारक वेगाने बुजतात. कलम १९८-अ खाली सदोष रस्त्यासाठी एक लाखापर्यंत दंड होतो, पण तो दंड निधीत जमा होतो, जखमीच्या हाती येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचे निर्देश दिले आहेत; त्यासाठी अर्ज करावा.

वकिलाची गरज कधी लागते, याचे माझे उत्तर कोनसेटसारखेच आहे. हाड मोडले असेल, मृत्यू झाला असेल, विमा कंपनीने लेखी नकार दिला असेल किंवा पोलिसांच्या जबाबात न घडलेले लिहिले गेले असेल, तर स्वतः काही करू नये. "मिळेल त्यातले तीस टक्के" अशा बोलीवर केस घेणे वकिलांच्या व्यवसाय-नियमांत बसत नाही. तशी बोली झाली तर दुसरीकडे जावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यांचा क्रमांक १५१०० आहे. पहिल्या भेटीला जाताना पॉलिसी, परवाना, जॉब कार्डे, पंचनाम्याची प्रत, दवाखान्याची कागदपत्रे आणि ती तारीख लिहिलेली पिशवी सोबत न्यावी.